नेटवर्क कार्यप्रणाली

नेटवर्क कार्यप्रणाली ही संगणकांच्या जाळ्यातील स्विच, राऊटर यांसारख्या उपकरणांवर चालणारी आणि त्यांतील हार्डवेअरला काम नेमून देणारी मूलभूत आज्ञावली होय. सामान्य संगणकावरील कार्यप्रणाली ज्याप्रमाणे प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांची व्यवस्था पाहते, त्याप्रमाणे नेटवर्क कार्यप्रणाली स्विचमधील पोर्ट, स्विचिंग चिप, पंखे आणि वीजपुरवठा यांची व्यवस्था पाहते. शेजारच्या उपकरणांशी माहितीची देवाणघेवाण करून कोणते पॅकेट कोणत्या वाटेने जावे हे ती ठरवते आणि तो निर्णय चिपमधील तक्त्यांत लिहून ठेवते. पॅकेट प्रत्यक्ष पुढे पाठवण्याचे काम मात्र चिप करते. निर्णय एकाने घ्यायचा आणि तो दुसऱ्याने अमलात आणायचा, ही विभागणी या विषयाच्या मुळाशी आहे. जाळ्याचा वेग, त्यात होणाऱ्या बिघाडांचे स्वरूप आणि उपकरणावर अंतिम ताबा कोणाचा हा प्रश्न, या तिन्ही गोष्टी याच विभागणीतून उद्भवतात.

संज्ञेचे विविध अर्थ

ही संज्ञा काळानुसार तीन अर्थांनी वापरली गेली आहे. १९८०च्या दशकात एका कार्यालयातील संगणकांना फायली आणि छपाईयंत्र सामाईकपणे वापरू देणाऱ्या आज्ञावलीला नेटवर्क कार्यप्रणाली म्हणत. नॉव्हेल कंपनीने १९८३ साली आणलेली नेटवेअर ही तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. पुढे हे काम विंडोज एनटी, लिनक्स अशा सर्वसाधारण कार्यप्रणालींतच समाविष्ट झाले आणि हा अर्थ मागे पडला.

दुसरा आणि आज रूढ असलेला अर्थ म्हणजे स्विच किंवा राऊटर या उपकरणावर चालणारी कार्यप्रणाली. सिस्कोची आयओएस, ज्युनिपरची जुनोस, अरिस्ताची ईओएस आणि मुक्त स्रोत असलेली सोनिक ही तिची उदाहरणे आहेत. तिसऱ्या अर्थाने ही संज्ञा अनेक स्विचांवर एकाच ठिकाणाहून नियंत्रण ठेवणाऱ्या मध्यवर्ती आज्ञावलीसाठी वापरली जाते. २००८ साली मांडली गेलेली नॉक्स ही त्या प्रकारची आरंभीची प्रणाली होती. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

स्विचिंग हार्डवेअर

इथरनेटचा उगम १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांच्या कामातून झाला. आरंभीच्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच सामाईक तारेला जोडलेले असत. त्यामुळे एका वेळी एकाच संगणकाला संदेश पाठवता येई. दोघांनी एकाच वेळी पाठवल्यास संदेशांची टक्कर होऊन ते पुन्हा पाठवावे लागत. १९९० साली कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक होते. कंपनीचे नाव आणि मराठीतील 'कल्पना' हा शब्द एकच आहे. या स्विचमुळे एकाच वेळी अनेक जोड्यांना परस्परांशी विनाव्यत्यय संदेश पाठवता येऊ लागले. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

स्विचचे मूळ काम सोपे आहे. प्रत्येक इथरनेट फ्रेमवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. फ्रेम ज्या पोर्टातून आत येते त्या पोर्टासमोर स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता नोंदवतो. मग घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात शोधून फ्रेम नेमक्या पोर्टातून बाहेर सोडतो. पत्ता सापडला नाही, तर आलेले पोर्ट वगळून उरलेल्या सर्व पोर्टांतून ती पाठवतो. बराच काळ न वापरलेली नोंद पुसली जाते. यासाठी ३०० सेकंदांची मुदत सामान्यतः ठेवलेली असते. आजचे बहुतेक मोठे स्विच मॅक पत्त्याबरोबर आयपी पत्ता पाहूनही वाट ठरवतात, त्यामुळे स्विच आणि राऊटर यांतील पूर्वीची सीमारेषा पुसट झाली आहे.

हे सोपे काम किती वेगाने करावे लागते, हे एका हिशोबावरून ध्यानात येते. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची असते. तिच्या आधीचा ८ बाइटांचा संकेत आणि दोन फ्रेममधील १२ बाइटांइतकी सक्तीची मोकळी जागा धरल्यास एकूण ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट होतात. सेकंदाला १०० गिगाबिट वेगाच्या एका पोर्टातून अशा सुमारे १४ कोटी ८८ लाख फ्रेम दर सेकंदाला येऊ शकतात. म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ७ नॅनोसेकंदांहूनही कमी वेळ येतो. तेवढ्या अवधीत प्रकाश निर्वातात जेमतेम २ मीटर अंतर कापतो. सर्वसाधारण प्रोसेसरला मुख्य स्मृतीतून एक नोंद वाचण्यासच साधारणतः याच्या दहापट वेळ लागतो. शिवाय एका स्विचवर असे ३२ किंवा अधिक पोर्ट असतात. म्हणून हे काम केवळ याच हेतूने घडवलेल्या चिपकडे सोपवले जाते. ब्रॉडकॉमने २०२२ साली सादर केलेल्या टॉमहॉक ५ या चिपची क्षमता सेकंदाला ५१.२ टेराबिट आहे.

चिपमध्ये वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे तक्ते असतात: मॅक पत्त्यांचा, आयपी मार्गांचा आणि कोणती वाहतूक सोडावी व कोणती अडवावी या नियमांचा. अचूक जुळणी लागते तेथे नेहमीची जलद स्मृती पुरते. आयपी मार्ग शोधताना मात्र जुळणाऱ्या अनेक नोंदींपैकी सर्वांत लांब, म्हणजे सर्वांत नेमकी नोंद निवडावी लागते. अशा शोधासाठी आणि नियमांसाठी टीकॅम नावाची विशेष स्मृती वापरली जाते. तिच्या प्रत्येक खणात ०, १ किंवा 'काहीही चालेल' अशा तीनपैकी एक खूण ठेवता येते, आणि सर्व नोंदी एकाच वेळी तपासल्या जातात. ही स्मृती महाग असते, वीजही पुष्कळ खाते. म्हणून ती मोजकीच ठेवली जाते.

कार्यप्रणालीचे तीन स्तर

स्विचच्या कामाची विभागणी साधारणपणे तीन स्तरांत केली जाते.

वहन स्तर म्हणजे चिपमध्ये घडणारे काम. आलेले पॅकेट पाहणे, तक्ता वाचणे, पॅकेट रांगेत लावणे आणि योग्य पोर्टातून बाहेर पाठवणे हे या स्तरावर होते.

नियंत्रण स्तर स्विचमधील सर्वसाधारण प्रोसेसरवर चालतो. शेजारच्या उपकरणांशी बीजीपी, ओएसपीएफ यांसारख्या प्रोटोकॉलद्वारे बोलून तो मार्ग शिकतो. जाळ्यात वर्तुळाकार वाट निर्माण होणार नाही याची काळजीही तोच घेतो. इथरनेट फ्रेममध्ये तिचे आयुष्य मर्यादित करणारा आकडा नसतो. त्यामुळे वर्तुळात सापडलेली सर्वांसाठीची फ्रेम फिरतच राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत जाळे ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री हा उपाय शोधला. त्यात स्विच आपापसांत बोलून काही जोडण्या तात्पुरत्या बंद ठेवतात.

व्यवस्थापन स्तर हा माणसाशी बोलणारा भाग आहे. प्रशासकाने दिलेल्या आज्ञा स्वीकारणे, मांडणी जतन करणे, आकडेवारी पुरवणे आणि बिघाडाची सूचना देणे ही त्याची कामे होत.

प्रोसेसर आणि चिप यांना जोडणारी वाट चिपच्या एकूण क्षमतेच्या मानाने फारच अरुंद असते. खुद्द स्विचला उद्देशून आलेली पॅकेटे, उदाहरणार्थ शेजारच्या राऊटरचे बीजीपी संदेश, चिप या वाटेने प्रोसेसरकडे धाडते. कोणी मुद्दाम किंवा चुकून या वाटेवर पॅकेटांचा मारा केला, तर प्रोसेसर गुदमरतो, शेजाऱ्यांचे संदेश हुकतात आणि चिप ठणठणीत असूनही जाळे कोसळू शकते. म्हणून कोणत्या प्रकारची किती पॅकेटे प्रोसेसरकडे जाऊ द्यायची याची मर्यादा कार्यप्रणाली चिपमध्येच घालून ठेवते.

निर्णय चिपपर्यंत कसा पोहोचतो

ही प्रक्रिया समजून घेण्यास सोनिक ही प्रणाली सोयीची आहे, कारण तिची रचना सर्वांना पाहता येते. ती मायक्रोसॉफ्टने २०१६ साली खुली केली आणि २०२२ साली लिनक्स फाउंडेशनकडे सोपवली. ती लिनक्सवर आधारलेली असून तिचे निरनिराळे भाग स्वतंत्र कंटेनरमध्ये चालतात. हे भाग एकमेकांशी थेट बोलत नाहीत. रेडिस या मध्यवर्ती माहितीसंचात नोंद करून आणि तेथील नोंदी वाचून ते आपले काम करतात.

समजा, शेजारच्या राऊटरने एक नवा मार्ग कळवला. बीजीपीचा संदेश चिपकडून प्रोसेसरकडे येतो. मार्ग शोधणारी आज्ञावली तो आधीच्या मार्गांशी ताडून पाहते आणि सर्वोत्तम ठरल्यास त्याची नोंद माहितीसंचात होते. समन्वयाचे काम करणारा भाग ती नोंद वाचून तिचे रूपांतर चिपला समजेल अशा घटकांत करतो: पुढील टप्प्याचा पत्ता, बाहेर पडण्याचे पोर्ट, नोंदीचा प्रकार. हे घटक माहितीसंचाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवले जातात. तेथून ते उचलून चिपमध्ये लिहिण्याचे काम आणखी एक स्वतंत्र भाग करतो.

या अखेरच्या टप्प्यावर साई ही सामाईक जोडभाषा उपयोगी पडते. प्रत्येक उत्पादकाच्या चिपमधील तक्त्यांची रचना निराळी असते. साईमध्ये 'हा मार्ग जोड', 'हे पोर्ट सुरू कर' अशा आज्ञा सर्व चिपसाठी एकाच पद्धतीने लिहिल्या जातात, आणि चिप उत्पादक आपल्या चिपसाठी त्यांचा अर्थ लावणारा भाग पुरवतो. त्यामुळे वरची कार्यप्रणाली न बदलता खालची चिप बदलणे शक्य होते.

अशा रीतीने एकाच मार्गाची नोंद अनेक ठिकाणी असते: मार्ग शोधणाऱ्या आज्ञावलीत, लिनक्सच्या कर्नलमध्ये, माहितीसंचात आणि चिपमध्ये. या सर्व प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवणे हे नेटवर्क कार्यप्रणालीचे सर्वांत कठीण काम आहे. प्रशासक आज्ञा देऊन जो मार्ग पाहतो, तो बहुधा वरच्या प्रतींपैकी एक असतो. पॅकेट मात्र सर्वांत खालची, चिपमधली प्रत पाहून जाते. दोहोंत तफावत पडली, तर पडद्यावर सारे काही यथास्थित दिसते आणि पॅकेटे मात्र हरवत राहतात.

या विभागणीचा लाभही आहे. कार्यप्रणालीचा एखादा भाग बंद पडला किंवा अद्ययावत करण्यासाठी पुन्हा सुरू केला, तरी चिप आधी लिहिलेल्या तक्त्यांनुसार पॅकेटे पुढे पाठवत राहू शकते. मात्र या काळात जाळ्यात बदल झाल्यास चिपला तो कळत नाही आणि ती जुन्याच वाटेने पॅकेटे पाठवत राहते. म्हणून असा खंड शक्य तितका अल्प ठेवावा लागतो.

तक्त्यांची मर्यादा : १२ ऑगस्ट २०१४

सॉफ्टवेअरने कितीही मार्ग शिकले, तरी चिपमध्ये जागा असेल तेवढेच कामी येतात. याचा अनुभव १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगभर आला. त्या दिवशी इंटरनेटवरील मार्गांच्या जागतिक तक्त्याने सुमारे ५ लाख १२ हजार नोंदींचा टप्पा ओलांडला. त्या वेळी वापरात असलेल्या अनेक जुन्या राऊटरांच्या टीकॅममध्ये आयपीच्या चौथ्या आवृत्तीसाठी नेमकी तेवढीच जागा राखलेली होती. त्यापुढील नोंदी चिपमध्ये मावेनात. काही उपकरणे उरलेली पॅकेटे प्रोसेसरकडे वळवू लागली आणि अतिशय मंदावली. काही ठिकाणी मार्गच नाहीसे झाले. अनेक संकेतस्थळे त्या दिवशी संथ झाली किंवा उघडेनाशी झाली.

यात कोणतेही यंत्र मोडलेले नव्हते आणि कोणतीही तार तुटलेली नव्हती. अनेक उपकरणांवर उपायही साधा होता: टीकॅमची वाटणी बदलून या मार्गांना अधिक जागा द्यायची आणि उपकरण पुन्हा सुरू करायचे. परंतु तशी वाटणी बदलली की सहाव्या आवृत्तीच्या मार्गांची जागा तेवढी घटते. चिपमधील जागा ठरावीक असते, आणि ती कशासाठी राखायची हा निर्णय कार्यप्रणालीमार्फत माणसालाच घ्यावा लागतो.

आभासीकरणाशी संबंध

आभासीकरण म्हणजे एका भौतिक साधनाचे अनेक स्वतंत्र साधनांसारखे रूप उभे करणे. जाळ्यांच्या संदर्भात ते तीन ठिकाणी आढळते.

पहिले, स्विचच्या आत. व्हीलॅन या पद्धतीने एकाच स्विचचे अनेक परस्परविलग भाग पाडता येतात. त्यासाठी फ्रेमवर १२ बिटांचा क्रमांक लावला जातो. त्यामुळे ४,०९६ क्रमांक मिळतात आणि राखीव क्रमांक वगळता ४,०९४ वापरता येतात. याच धर्तीवर मार्गांचे अनेक स्वतंत्र तक्ते एकाच चिपमध्ये ठेवता येतात. मग एकाच उपकरणावर दोन ग्राहक एकच आयपी पत्ता वापरत असले, तरी त्यांची वाहतूक एकमेकांत मिसळत नाही.

दुसरे, सर्व्हरच्या आत. एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालू लागल्यावर त्यांना आपसांत आणि बाहेरच्या जाळ्याशी जोडण्यासाठी सर्व्हरमध्येच सॉफ्टवेअरचा स्विच बसवावा लागला. २००९ साली आलेला ओपन व्हीस्विच हा त्यांपैकी बहुपरिचित आहे. त्याच्या मागे असलेली निसिरा ही कंपनी २०१२ साली व्हीएमवेअरने विकत घेतली. या स्विचमध्येही वर सांगितलेली विभागणी पुन्हा दिसते. एखाद्या प्रवाहाचे पहिले पॅकेट सावकाश, सर्व नियम तपासून हाताळले जाते. त्याचा निष्कर्ष कर्नलमध्ये नोंदवला जातो आणि त्याच प्रवाहाची पुढील पॅकेटे ती नोंद पाहून वेगाने निघून जातात.

तिसरे, जाळ्यावर रचलेले जाळे. आभासी यंत्र चालू स्थितीत एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येते, पण तसे करताना त्याचे आयपी आणि मॅक पत्ते कायम राहावे लागतात. शिवाय हजारो ग्राहकांच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये ४,०९४ व्हीलॅन पुरत नाहीत, आणि लाखो आभासी यंत्रांचे मॅक पत्ते प्रत्येक स्विचच्या तक्त्यात मावत नाहीत. या अडचणींवर व्हीएक्सलॅन हा उपाय पुढे आला. त्याचे विवरण ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मूळ फ्रेम जशीच्या तशी एका नव्या आयपी पॅकेटमध्ये गुंडाळली जाते आणि तिच्यावर २४ बिटांचा क्रमांक लावला जातो. त्यामुळे १ कोटी ६७ लाखांहून अधिक स्वतंत्र जाळी शक्य होतात.

एका पॅकेटचा प्रवास

समजा, एका सर्व्हरवरील आभासी यंत्राला दूरच्या कपाटातील दुसऱ्या सर्व्हरवरील आभासी यंत्राकडे फ्रेम पाठवायची आहे, आणि गुंडाळण्याचे काम कपाटातील स्विचांकडे आहे. फ्रेम प्रथम सर्व्हरमधील आभासी स्विचकडे येते. घेणारे यंत्र याच सर्व्हरवर नाही हे पाहून तो ती भौतिक तारेवर सोडतो. कपाटातील स्विचची चिप घेणाऱ्याचा मॅक पत्ता तक्त्यात शोधते. तेथे एखाद्या पोर्टाऐवजी दूरच्या कपाटातील स्विचचा आयपी पत्ता लिहिलेला असतो. चिप मूळ फ्रेमवर व्हीएक्सलॅनचे वेष्टन चढवते आणि ते पॅकेट त्या पत्त्यावर रवाना करते.

मधल्या स्विचांना आतल्या फ्रेमची काहीच माहिती नसते. त्यांना केवळ कपाटांतील स्विचांचे आयपी पत्ते ठाऊक असतात, म्हणून त्यांचे तक्ते लहान राहतात. मधल्या वाटा अनेक असल्यास वाहतूक त्यांवर विभागली जावी, यासाठी वेष्टनातील यूडीपीचा उगम पोर्ट क्रमांक आतल्या पत्त्यांवरून काढलेला असतो. दूरचा स्विच वेष्टन उतरवतो, आतला मॅक पत्ता पाहतो आणि फ्रेम योग्य सर्व्हरकडे देतो. कोणते आभासी यंत्र कोणत्या स्विचमागे आहे ही माहिती आधीच चिपमध्ये असावी, म्हणून स्विचांवरील कार्यप्रणाली बीजीपीच्या ईव्हीपीएन या विस्ताराद्वारे ती एकमेकांना कळवत असतात. यंत्र हलले की नव्या स्विचची कार्यप्रणाली ते जाहीर करते आणि इतर सर्व स्विच आपापल्या चिपमधील नोंद बदलतात.

या वेष्टनाची किंमतही मोजावी लागते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत ते ५० बाइट वाढवते. आतील यंत्रे नेहमीप्रमाणे १,५०० बाइटांचे पॅकेट पाठवत असतील, तर बाहेरच्या जाळ्याला किमान १,५५० बाइट वाहून नेता आले पाहिजेत. वाटेतील एखाद्या स्विचवर ही मर्यादा वाढवायची राहून गेली, तर चमत्कारिक बिघाड दिसतो: जोडणी तपासण्यासाठी पाठवलेली लहान पॅकेटे सुखरूप पोहोचतात, पण मोठी फाइल पाठवताच काम अडकून पडते. आभासी जाळे पाहून या बिघाडाचे कारण कळत नाही; ते खालच्या भौतिक जाळ्यात शोधावे लागते.

सर्व्हरमध्येच गुंडाळण्याचे व नियम तपासण्याचे काम केल्यास सर्व्हरचा प्रोसेसर त्यात खर्ची पडतो. म्हणून हे काम पुन्हा हार्डवेअरकडे वळवण्याचा कल आहे. एसआर-आयओव्ही या मानकामुळे एकच नेटवर्क कार्ड अनेक आभासी कार्डांसारखे वागते आणि आभासी यंत्राला त्याचा थेट वापर करता येतो. ॲमेझॉनने २०१७ साली जाहीर केलेल्या नायट्रो रचनेत जाळ्याशी संबंधित काम मुख्य प्रोसेसरवरून काढून स्वतंत्र कार्डांवर सोपवले आहे.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांची फारकत

दीर्घकाळ स्विच आणि त्यावरील कार्यप्रणाली एकाच कंपनीकडून, एकत्रच विकत घ्यावी लागे. सिस्कोच्या मूळ आयओएसमध्ये सर्व कामे एकाच सामाईक स्मृतीत चालत. त्यामुळे एका भागातील चुकीने सारे उपकरण बंद पडू शके. ज्युनिपरने १९९८ साली फ्रीबीएसडीवर आधारलेली जुनोस आणली आणि मार्ग ठरवणारा भाग पॅकेट वाहणाऱ्या भागापासून स्पष्टपणे वेगळा केला. अरिस्ताच्या ईओएसमध्ये लिनक्सवर अनेक स्वतंत्र भाग चालतात आणि सर्व स्थिती एका मध्यवर्ती संचात ठेवली जाते. एखादा भाग कोसळल्यास तो पुन्हा सुरू होऊन तेथून आपली स्थिती वाचून घेतो.

२००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील आणि इतर संशोधकांनी ओपनफ्लोची कल्पना मांडली. स्विचचे तक्ते बाहेरच्या आज्ञावलीला एका खुल्या पद्धतीने लिहिता यावेत, हा तिचा गाभा होता. दरम्यान मोठ्या डेटा सेंटरच्या मालकांना हजारो स्विच लागू लागले. फेसबुकने २०१४ साली वेज हा स्वतःच्या रचनेचा स्विच आणि त्यावर चालणारी स्वतःची आज्ञावली जाहीर केली. कम्युलस नेटवर्क्सने सुरू केलेल्या ओनी या लहानशा आरंभक आज्ञावलीमुळे कोऱ्या स्विचवर हवी ती कार्यप्रणाली बसवता येऊ लागली. साई आणि सोनिक ही याच वाटेवरील पुढची पावले होत.

चिपचे कामच बदलता यावे, यासाठी २०१४ साली पी४ ही भाषा मांडली गेली. तीवर चालणारी टोफिनो ही चिप बेअरफूट नेटवर्क्सने २०१६ साली जाहीर केली. इंटेलने २०१९ साली ही कंपनी घेतली आणि २०२३ साली या चिपच्या पुढील आवृत्त्यांचे काम थांबवले. ज्यांनी आपली आज्ञावली या चिपवर बेतली होती, त्यांच्यापुढे त्यामुळे प्रश्न उभा राहिला. खुल्या भाषेत लिहिलेली आज्ञावलीही अखेर कोणत्या तरी चिपवर चालावी लागते, आणि ती चिप बनवणाऱ्या कंपन्या थोड्याच आहेत.

ही फारकत सर्वांनाच सोयीची असते असे नाही. बिघाड झाल्यास चिपचा उत्पादक, स्विच बांधणारा आणि कार्यप्रणाली पुरवणारा हे तिघे वेगवेगळे असतात, आणि दोष कोणाचा हे शोधण्याचे काम वापरणाऱ्यावर येते. मोठ्या संस्थांकडे त्यासाठी तज्ज्ञ असतात. लहान महाविद्यालय किंवा रुग्णालय अशा ठिकाणी एकाच कंपनीचे, एकत्र मिळणारे उपकरण अनेकदा अधिक सोयीचे ठरते.

नियंत्रणातील चूक : ४ ऑक्टोबर २०२१

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार, नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे तिची डेटा सेंटरे जोडणाऱ्या मुख्य जाळ्यातील सर्व जोडण्या तुटल्या. अशा आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी आज्ञावलीतच दोष असल्याने ती आज्ञा अडवली गेली नाही. डेटा सेंटरशी संपर्क तुटताच कंपनीच्या नाव-सेवेच्या सर्व्हरांनी ठरलेल्या नियमाप्रमाणे आपले बीजीपी मार्ग मागे घेतले, आणि उर्वरित इंटरनेटला त्या सेवांचा पत्ताच सापडेनासा झाला.

दुरुस्तीला वेळ लागला, कारण दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले, आणि तेथील कडक सुरक्षाव्यवस्थेमुळे उपकरणांपर्यंत पोहोचण्यासही अवधी लागला. या घटनेने जुना नियम पुन्हा अधोरेखित केला: स्विचच्या व्यवस्थापनाची वाट तो वाहत असलेल्या वाहतुकीपासून स्वतंत्र असावी. याच कारणासाठी बहुतेक स्विचवर व्यवस्थापनाचे वेगळे पोर्ट आणि थेट जोडणीचे कन्सोल पोर्ट दिलेले असते. ती चिपमधून न जाता प्रोसेसरला जोडलेली असतात.

अभ्यासासाठी उपयोग

अनेक नेटवर्क कार्यप्रणालींच्या आभासी आवृत्त्या उपलब्ध असल्याने महागडा स्विच विकत न घेताही त्यांचा अभ्यास करता येतो. सोनिकची आभासी आवृत्ती किंवा एफआरराऊटिंग ही मार्ग शोधणारी मुक्त आज्ञावली साध्या संगणकावर चालते. जीएनएस३ सारख्या साधनाने अशी अनेक उपकरणे एकमेकांना जोडून छोटे जाळे उभारता येते. दोन स्विचांमध्ये बीजीपी सुरू करणे, एक जोडणी तोडून नवा मार्ग किती वेळात सापडतो हे पाहणे, व्हीएक्सलॅनचे वेष्टन चढलेले पॅकेट उलगडून तपासणे हे प्रयोग विद्यार्थ्यांना घरीही करता येतात.

मात्र आभासी स्विचमध्ये खरी चिप नसते; तिचे काम सॉफ्टवेअरच करते. त्यामुळे नियंत्रण स्तर त्यावर हुबेहूब शिकता येतो, परंतु वेग, रांगेतील कोंडी आणि तक्त्यांची मर्यादा यांचा अनुभव त्यावर येत नाही. साध्या संगणकावर लाखो मार्ग सहज सामावून घेणारी मांडणी प्रत्यक्ष स्विचवर अपुरी पडू शकते. म्हणून कोणतीही मांडणी वापरात आणण्यापूर्वी त्या विशिष्ट चिपच्या तक्त्यांत किती नोंदी मावतात हे तपासणे आणि ती खऱ्या उपकरणावर पारखून घेणे आवश्यक ठरते.